विवाहसंस्कार आणि संततिनियमन
शतकमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यात प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण



आपल्या धर्मग्रामास शंभर वर्षे पूर्ण होत असता आनंदाच्या व कृतज्ञतेच्या चार गोष्टी सांगून आम्ही खाली बसावे, अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. परंतु मेळाव्याच्या चालकांनी आम्हांस दिलेला विषय सोपा नाही, आणि तो टाळणे आमच्या कर्तव्यास शोभणारेही नाही. विवाहित मंडळी हा प्रश्न कुमसाराच्या जाळीआड हलक्या आवाजात विचारतात. किंवा विचारीतच नाहीत, आणि हळूहळू संस्कारांपासून दूर राहू लागतात. जो प्रश्न माणसांस वेदीपासून दूर नेतो, तो सभेत उघडपणे बोलला गेला पाहिजे.

महोत्सवाच्या तयारीत आम्ही धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या चाळल्या. बाप्तिस्म्याच्या वहीत एकाच आईबापांची नावे आठ-आठ, नऊ-नऊ वेळा आढळतात. दफनाच्या वहीत त्याच घरातील तान्ह्या बालकांची, आणि कधी त्या मातेचीही. अलीकडच्या पानांवर आईबापांची नावे एकदा, फार तर दोनदा येतात. जुना काळ सर्वस्वी चांगला होता असे म्हणणाऱ्याने दफनाची वही पाहावी; नव्या काळात सर्व काही सुधारले असे म्हणणाऱ्याने आजच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील रिकामे बाक पाहावेत. ह्या दोहोंच्या मधून आपणांस वाट काढावयाची आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. होतील तितकी मुले होऊ द्यावीत, असे पवित्र ख्रिस्तसभा शिकवीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली स्पष्ट केले की, आपली प्रकृती, सांपत्तिक स्थिती, झालेली व होणारी मुले आणि समाजाचे हित ह्यांचा विचार करून मुलांची संख्या पतिपत्नींनीच परमेश्वरासमक्ष ठरवावी. हा निर्णय सासूबाईंचा नव्हे, सरकारचा नव्हे, आणि धर्मगुरूचाही नव्हे. सबळ कारण असल्यास पुढील अपत्य दीर्घकाळ न होऊ देणेही धर्मास मान्य आहे. तेव्हा वाद संख्येचा नाही. वाद आहे तो मार्गाचा.

मग ख्रिस्तसभा सांगते तरी काय? वेदीसमोर वधूवर परस्परांस जो शब्द देतात तो अर्धा नसतो. सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारात, असे ते म्हणतात. 'तुझी कमाई मला हवी, तुझे दुखणे नको,' असे म्हणणाऱ्याचा विवाह आम्ही लावणार नाही. वेदीसमोर वाणीने उच्चारलेला हा शब्दच पतिपत्नी एकांतात देहाने पुन्हा उच्चारतात. त्या मीलनात परमेश्वराने दोन अर्थ एकत्र गुंफले आहेत : दोघांचे ऐक्य आणि नव्या जीवाचे स्वागत. ह्या दोहोंची ताटातूट मनुष्याने आपल्या हाताने करू नये, हे ह्या शिकवणुकीचे सार होय. कृत्रिम साधन वापरणारा जणू म्हणतो, 'मी तुला सर्वस्व देतो. मात्र माता किंवा पिता होण्याची शक्ती तेवढी वगळून.' शब्द तोच राहतो; पण त्यातला अर्थ कोणीतरी काढून घेतलेला असतो.

ही शिकवण काल-परवाची नाही. १९३० पूर्वी प्रमुख ख्रिस्ती पंथांचे ह्याविषयी सामान्यतः एकमत होते. त्या साली ऑगस्टमध्ये लँबेथ येथे भरलेल्या अँग्लिकन धर्माध्यक्षांच्या परिषदेने काही मर्यादा घालून कृत्रिम साधनांना प्रथमच मुभा दिली. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबर रोजी पोप अकरावे पायस ह्यांनी 'कास्ती कॉन्नुबिई' ह्या परिपत्राने आपली प्राचीन शिकवण पुन्हा सांगितली. पुढे १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली आणि प्रश्न नव्याने उभा राहिला. पोप तेविसावे जॉन ह्यांनी १९६३ साली त्यासाठी एक मंडळ नेमले. पोप सहावे पॉल ह्यांनी ते वाढविले, आणि मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस ह्यांचाही त्यात समावेश झाला. त्या मंडळातील बहुसंख्य सभासदांचा कौल बदलाच्या बाजूस होता. तरीही दीर्घ चिंतनानंतर पोप महोदयांनी २५ जुलै १९६८ रोजी 'हुमाने व्हिते' हे परिपत्र काढून बदलास नकार दिला. त्यावर अनेक ईशज्ञान-पंडितांनी उघड नाराजी दर्शविली, हे आम्ही लपवीत नाही. मात्र हेही ध्यानात असावे की, हे पोप जगाच्या दारिद्र्याविषयी अनभिज्ञ नव्हते. १९६४ च्या डिसेंबरात ते जागतिक ख्रिस्तप्रसाद परिषदेसाठी मुंबईस आले होते, आणि येथील गरिबी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप लोकसंख्येचा. आपल्या महाराष्ट्रात तो फार जुना आहे. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे ह्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांचे मार्ग आम्हांस मान्य नाहीत. धर्माविषयीची त्यांची मतेही नाहीत. परंतु वरचेवरच्या बाळंतपणांनी झिजून मरणाऱ्या स्त्रियांची त्यांना कळकळ होती, आणि ती कळकळ आमच्या दफनाच्या वहीने खरी ठरविली आहे. विरोधकाच्या तोंडचे सत्य नाकारणे हा काही धर्म नव्हे.

पुढे १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. 'हुमाने व्हिते' परिपत्रात एक इशारा होता : पतिपत्नींच्या खाजगी निर्णयात कृत्रिम मार्ग एकदा निर्दोष मानला, तर उद्या राज्यकर्ते तोच मार्ग प्रजेवर लादतील, त्यांस अडविणार कोण? पुष्कळांस तेव्हा ती भीती अतिशयोक्त वाटली. आठ वर्षेही लोटली नाहीत तोच आणीबाणी आली. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी कित्येक धाकदपटशाने. आणि सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली आपल्याच राज्याच्या विधिमंडळाने संमत केले. त्याचा कायदा झाला नाही, हे आपले भाग्य. गरिबाच्या देहावर सत्ता चालविण्यास किती थोडा अवधी लागतो, हे त्या वर्षाने दाखविले.

आज चित्र पालटले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात दर स्त्रीमागे अपत्यांचे सरासरी प्रमाण २.० वर आले. महाराष्ट्रात ते १.७ आढळले. लोकसंख्या स्थिर राहण्यास सुमारे २.१ लागते. तेव्हा 'मुले फार झाली' हा जुना युक्तिवाद आपल्या घरांना आता लागू पडत नाही.

त्याच पाहणीतील आणखी एक आकडा पुरुषमंडळींनी लक्षपूर्वक ऐकावा. विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करवून घेतली होती. ज्यांच्या पतीने करवून घेतली अशांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के. पतींनीही शस्त्रक्रिया करवून घ्यावी, असा आमच्या बोलण्याचा अर्थ नाही. तोही मार्ग धर्मास संमत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या व्यवस्थेस स्त्रीची मुक्ती म्हटले गेले तिचे ओझे अखेर स्त्रीच्याच देहावर पडले. पुरुषास स्वतःत काहीच बदल करावा लागला नाही. गोळी तिने घ्यावी, टाके तिने सोसावेत.

ख्रिस्तसभेचा मार्ग ह्याच्या नेमका उलट आहे. स्त्रीच्या देहात महिन्यातील काही दिवसच गर्भधारणेस अनुकूल असतात. जपानचे ओगिनो व ऑस्ट्रियाचे क्नाउस ह्या वैद्यांनी १९२० नंतरच्या दशकात ह्याचा उलगडा केला. पुढे मेलबर्नचे डॉक्टर जॉन व एव्हलिन बिलिंग्ज ह्या दांपत्याने देहाच्या खुणांवरून ते दिवस ओळखण्याची पद्धत बसविली. ही पद्धत नीट शिकावी लागते व चिकाटीने पाळावी लागते. सबळ कारण असता त्या दिवसांत संयम पाळणे निर्दोष आहे. कोणी विचारील, 'हेतू एकच, मग फरक कोणता?' गप्प राहणे आणि खोटे बोलणे ह्यांत जो फरक, तोच. मौन पाळणारा आपला शब्द मोडीत नाही. अर्थात केवळ चैनीसाठी मुले टाळण्यास ही पद्धत वापरली, तर तिच्यातही स्वार्थ शिरतो.

ह्या मार्गात पतीस पत्नीच्या देहाची भाषा शिकावी लागते, तिला विचारावे लागते, थांबावे लागते. म्हणूनच तो कठीण आहे, आणि म्हणूनच तो न्यायाचा आहे. 'हुमाने व्हिते'मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली आहे, जी व्यासपीठांवरून क्वचितच ऐकू येते : पत्नीची प्रकृती व तिची रास्त इच्छा न पाहता तिच्यावर लादलेला समागम हे प्रेम नव्हेच. दारू पिऊन घरी येणाऱ्या व पत्नीचा नकार न जुमानणाऱ्या पतीने 'आम्ही कोणतेही साधन वापरीत नाही' एवढ्यावर स्वतःस धार्मिक समजू नये. तो त्याच आज्ञेचा भंग करीत आहे.

दुसरा आक्षेप आमच्याविषयी आहे : 'ज्यांनी संसार केला नाही त्यांनी संसार शिकवू नये.' आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही अनुभवाचा आव आणीत नाही. धर्मगुरू ह्या शिकवणुकीचा मालक नसून वाहक आहे. तिची किंमत आपण मोजता, हे जाणूनच आम्ही बोलत आहोत.

दोन गोष्टी येथेच सांगणे प्राप्त आहे. गर्भपात हा संततिनियमनाचा एक प्रकार नव्हे. तेथे अस्तित्वात आलेला जीवच नष्ट होतो. मुलगी आहे म्हणून तो केला जाऊ नये, यासाठी गर्भलिंग-निदानावर आपल्या राज्यास १९८८ साली व देशास १९९४ साली कायदा करावा लागला, ही सर्वांस खाली मान घालावयास लावणारी गोष्ट आहे. दुसरे असे की, ज्यांच्या पदरी मूल नाही त्यांचा विवाह रतिभरही कमी पवित्र नाही. त्यांस टोमणे मारणारी जीभ ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी स्वतःस तपासो.

आता ज्यांस हे साधले नाही त्यांच्याविषयी. कोणी शस्त्रक्रिया करवून घेतली असेल, कोणी भीतीपोटी गोळ्या घेत असेल, कोणाचा पती ऐकतच नसेल. अशांस ख्रिस्तसभा दाराबाहेर उभे करीत नाही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ साली लिहिले की, मनुष्य चांगुलपणाकडे पायरीपायरीने वाढतो. आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली धर्मगुरूंस दुबळ्यांची साथ न सोडण्याविषयी बजाविले. ह्याचा अर्थ नियम बदलला असा नव्हे. चढण तीच आहे, पण चढणाऱ्यास हात द्यावयाचा आहे. ह्या एका प्रश्नासाठी मिस्सा व कुमसार सोडू नका. या, बोला. आम्ही दगड हातात घेऊन बसलेलो नाही.

शेवटी धर्मग्रामाचेही काही देणे लागते. नुसता उपदेश करून तिसऱ्या मुलाच्या शाळेची फी भरली जात नाही. नोकरी करणाऱ्या मातेचे बाळ दुपारी कोण सांभाळणार? बाळंतिणीच्या घरी चार दिवस डबा कोण नेणार? विवाहपूर्व शिबिरात नैसर्गिक पद्धती वधूवरांस विवाहित जोडप्यांनी व जाणत्या परिचारिकांनी नीट शिकविली आहे काय? मोठे कुटुंब दिसताच आपण हसतो, की मदतीस धावतो? ज्या धर्मग्रामात मुलांस जागा आहे, तेथेच ही शिकवण बोलण्याचा आपणांस अधिकार राहील. महोत्सवाच्या निधीतून एखादी कमान उभारण्याऐवजी असे काही कार्य उभे राहिले, तर आम्हांस अधिक समाधान वाटेल.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबात अपत्य एकच होते, पण त्या घराचे दार परमेश्वराच्या इच्छेस सदैव उघडे होते. आपल्या घरांची दारेही तशीच उघडी राहोत. योसेफाचा संयम पतींस, मरियेचे धैर्य पत्नींस आणि येशूबाळाचा आनंद आपल्या सर्व लेकरांस लाभो, हीच ह्या मंगल प्रसंगी आमची प्रार्थना. आमेन.