न्याहारीच्या ताटावर पाळत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काही गोड बोलावे अशी आपली रीत आहे. वर्षभराच्या कामाचा हिशेब चिटणीसबाईंनी आताच वाचून दाखविला. मी मात्र दूरची, अमेरिकेतली हकीकत सांगणार आहे. ती आज इथे का सांगते, ते शेवटी कळेल.

१९६९ च्या जानेवारीत ओकलंड शहरातील सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये काळ्या लोकांच्या वस्तीतील मुलांना शाळेपूर्वी फुकट न्याहारी मिळू लागली. उपक्रम ब्लॅक पँथर पक्षाचा. पहाटे उठून चुली सांभाळणाऱ्यांत पक्षाचे तरुण होते, तशा वस्तीतल्या आयाही होत्या. उपाशी मूल वर्गात पेंगते, हे आपल्याला कोणी पंडिताने सांगायला नको. बघता बघता अनेक शहरांतून अशा पंगती बसू लागल्या. याच पक्षावरून १९७२ साली आपल्या मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, तेव्हा ते नाव आपल्याला अगदीच परके नाही.

हा पक्ष शस्त्रे बाळगीत असे. पोलिसांशी त्याच्या चकमकी झाल्या, काहींच्या हातून गुन्हेही घडले. ते मी झाकून ठेवीत नाही. गुन्ह्याचा तपास करणे हे सरकारचे कामच आहे. पण एफबीआय या मध्यवर्ती तपास खात्याचे प्रमुख एडगर हूवर यांना धास्ती वाटली ती न्याहारीची! तिच्यामुळे पक्षाला लोकांत मान मिळतो, म्हणून तीच मोठा धोका आहे, असे १९६९ च्या मे महिन्यात त्यांनी आपल्या कचेऱ्यांना कळविले. ‘कोइंटेलप्रो’ नावाची गुप्त योजना आधीपासून चालूच होती. नुसती नजर ठेवणे हा तिचा हेतू नव्हता. माणसामाणसांत संशय पेरून संघटना मोडायची, हे तिचे काम.

ते कसे चाले, पाहा. सॅन दिएगो शहरात फादर फ्रँक करन यांनी न्याहारीसाठी आपले चर्च उघडून दिले. तेव्हा खात्याच्या माणसांनी चर्चमधील भाविक असल्याची बतावणी करून बिशपना तक्रारीचे फोन केले. थोड्याच दिवसांत फादरांची दूर न्यू मेक्सिकोत बदली झाली. बंदूक नाही, खटला नाही. दोनचार खोटे फोन पुरले.

सगळीकडे एवढ्यावर भागले नाही. शिकागोत फ्रेड हॅम्प्टन हा २१ वर्षांचा पुढारी ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी घरातच मारला गेला. त्या घराचा नकाशा खात्याला देणारा त्याच्याच विश्वासातला माणूस, खात्याचा पगारी खबऱ्या होता.

न्यूयॉर्कमध्ये २१ जणांवर बाँबस्फोटांच्या कटाचा खटला भरला गेला. त्यांत अफेनी शकूर ही २२ वर्षांची मुलगी होती. कायद्याचे शिक्षण नसताना तिने स्वतःच आपली बाजू मांडली. खटला चालू असता ती गरोदर होती आणि तशीच तुरुंगात गेली. पक्षात शिरलेल्या छुप्या पोलिसाला तिने साधे प्रश्न विचारले: मला काय काय करताना पाहिलेस? इस्पितळात, शाळांत काम करताना पाहिले, हे त्याला कबूल करावे लागले. १३ मे १९७१ रोजी ज्यूरीने अखेरपर्यंत उरलेल्या १३ आरोपींना सर्व १५६ आरोपांतून निर्दोष सोडले. महिन्याभराने तिला मुलगा झाला.

आणि हे सारे उजेडात कसे आले? ८ मार्च १९७१ च्या रात्री आठ साध्या नागरिकांनी पेनसिल्वेनियातील मीडिया या गावी खात्याची कचेरी फोडली आणि तिथले कागद वर्तमानपत्रांकडे पाठविले. त्या आठांत बॉनी रेन्स ही तीन लहान मुलांची आई होती. बायकांना खात्यात नोकऱ्या मिळतात का, हे विचारण्याच्या निमित्ताने तीच आधी कचेरी पाहून आली होती! पुढे सिनेटच्या चर्च समितीने १९७५-७६ मध्ये चौकशी केली आणि सरकारी कागदांवरूनच ही कृत्ये सिद्ध झाली.

आता शेवटचे. आपल्या बालवाडीच्या बाई काही वर्षांपूर्वी गेल्या, ते तुम्हांला आठवत असेल. एक निनावी चिठ्ठी आली होती. ती कार्यकारिणीत वाचली गेली, कुणी बाईंना एक शब्द विचारला नाही, आणि त्यांना निरोप दिला गेला. त्या बैठकीत मीही होते. मान खाली घालून बसले होते. चिठ्ठीत खरे किती होते, हे आजही मला ठाऊक नाही, कारण आपण विचारलेच नाही. बिशपच्या कानाशी लागलेल्या त्या फोनांची हकीकत वाचली, आणि मला त्या बाईंचा चेहरा आठवला.

निनावी पत्रे मीडियाच्या त्या मंडळींनीही पाठविली, असे कुणी म्हणेल. पण त्यांनी पाठविले ते खात्याचेच कागद. कुणालाही पडताळून पाहता येतील असे. शिवाय बॉनीबाई २०१४ साली आपले नाव घेऊन लोकांपुढे आल्या.

सरकारच्या फायली आपल्या हाती नाहीत. आपल्या हाती आपले मंडळ आहे. म्हणून माझी विनंती अशी, की आजपासून निनावी कागदावर इथे निर्णय होऊ नये आणि जिच्याविषयी बोलायचे तिला आधी समोर बसवावे. आणि त्या बाईंच्या घरी जाऊन क्षमा मागायची आहे. मी उद्या सकाळी जाणार आहे. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी बरोबर यावे.