आधी पाहुणा, मग घरचा

बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो. कुत्रा मात्र, पोरांनी हट्ट धरला की पाच मिनिटांत घरात येतो!

बोर्ली पंचतनला मीही तेच केले. बाजारातला एक बेवारस तांबडा कुत्रा घरी आणला. चार दिवस तो पडवीच्या कोपऱ्यात गप्प पडून होता. म्हटले, गरीब आहे बिचारा. पंधरवड्याने त्याची भीड चेपली आणि त्याने शेजाऱ्यांच्या तीन कोंबड्या मारल्या. कटकट नको म्हणून मी त्याला दिवेआगरच्या रस्त्यावर सोडून आलो. जनावराला उपासमार होईल असे वाऱ्यावर सोडणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. मी शिकलेला माणूस. मला हे ठाऊक होते.

चूक कुत्र्याची नव्हती. भेदरलेले जनावर गप्प असते, त्याला आपण स्वभाव समजतो. खरा स्वभाव कळायला दोन-तीन आठवडे लागतात. शहरांतल्या प्राणिसंस्थांत तर पिंजऱ्यांची रांग आणि सतत भुंकणे. तिथे तो कसा कळावा? म्हणून कित्येक संस्था कुत्रा आधी काही आठवडे सांभाळायला देतात. जमले तर तो घरचा, नाहीतर परत. शिवाय तेवढे दिवस पिंजऱ्यात दुसऱ्या जिवाला जागा होते.

गावातही हे जमेल. कुत्र्याला रोज भाकरी घालणारे कोणीतरी असतेच. ‘महिनाभर नेतो, न जमल्यास तुमच्याकडेच आणीन,’ असे त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. परतीची वाट ठरलेली असली, म्हणजे रस्त्यावर सोडायची पाळी येत नाही. नेण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्या. पिल्लाला ती तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. तरीही चावलेच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि तडक आरोग्य केंद्र गाठायचे. गुरुजी, हे वर्गात जरूर सांगा. हळद-चुना लावत बसणारे अजून आहेत.

महिनाभरात पाहायचे काय? कोंबड्या, गुरे, म्हातारी माणसे, सुकत घातलेली मासळी यांच्याशी ते कसे वागते. आणि पोरांचा उत्साह किती दिवस टिकतो, तेही! भाकरी कोण घालते, हे दहाव्या दिवशी कळते. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आले आहे.

हो, सध्या आमच्या पडवीत एक काळी कुत्री पाहुणी आहे. आजचा अठरावा दिवस. कोंबड्या समोरून जातात, ती मान वर करते, पुन्हा पायांवर ठेवते. नाव अजून ठेवलेले नाही. पोरांनी मात्र तीन ठरवून ठेवली आहेत.