मोबाइलच्या वहीचा उतारा

मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीला ग्राहकाविषयी काय कळू शकते, या प्रश्नाचे ‘तो कोणाशी बोलतो ते’ असे उत्तर बहुधा दिले जाते. परंतु बोलणे हा त्या माहितीचा एक भाग, आणि तोही बऱ्याचदा कमी बोलका भाग असल्यामुळे, ग्राहकहिताच्या विचारासाठी सुप्यात भरलेल्या या परिषदेपुढे त्या माहितीचे स्वरूप, तिच्या मर्यादा आणि तिच्यावरील ग्राहकाचा हक्क यांची मांडणी तपशिलाने करणे उचित ठरेल.

प्रत्येक सिमकार्डात आयएमएसआय या नावाने ओळखला जाणारा, साधारणतः पंधरा अंकी क्रमांक असतो आणि नेटवर्क ग्राहकाला त्याच्या नावाने किंवा दहा अंकी नंबराने नव्हे, तर या क्रमांकाने ओळखते. हँडसेटला आयएमईआय हा स्वतंत्र क्रमांक असून त्याच्या पहिल्या आठ अंकांवरून मॉडेल समजते. म्हणजे ग्राहकाने बटणांचा फोन टाकून स्मार्टफोन कधी घेतला आणि तो साधारण कोणत्या किमतीचा, हे दुकानदाराइतकेच कंपनीलाही ठाऊक होते. फोन चालू असेपर्यंत, त्यावर कोणी बोलत नसले तरी, तो अधूनमधून जवळच्या टॉवरकडे हजेरी लावतो, कारण ती न लावल्यास येणारा कॉल कोणत्या भागात पोहोचवायचा हे नेटवर्कला कळणार नाही. यात पाळत ठेवण्याचा हेतू नाही, ती यंत्रणेची गरज आहे. मात्र गरजेपोटी झालेली नोंद पुढे कोणत्या कामी येईल, हे गरजेवर ठरत नाही.

या नोंदींतला सर्वांत परिचित कागद म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड, ज्याला पोलीस ठाण्यापासून वकिलाच्या कचेरीपर्यंत सगळे ‘सीडीआर’ म्हणतात. त्यात फोन करणारा आणि घेणारा नंबर, तारीख, वेळ, संभाषणाचे सेकंद, हँडसेटचा क्रमांक आणि कॉल ज्या टॉवरच्या ज्या बाजूने गेला तिचा संकेतांक असतो, संभाषण नसते. इंटरनेटच्या वापराची अशीच नोंद ‘आयपीडीआर’ नावाने राहते आणि ती फोन कोणत्या सर्व्हरशी, केव्हा व किती वेळ जोडला गेला हे सांगते, पण संदेशातला मजकूर सांगत नाही.

मजकूर नसतानाही या नोंदी किती सांगतात, हे बारामती-इंदापूरच्या मुलखात सहज पाहता येते. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात जो टॉवर रोज दिसतो तेथे ग्राहकाचे घर आणि दिवसा जो दिसतो तेथे त्याचे काम, हा पहिला आणि बहुतेक वेळा बरोबर येणारा तर्क होय. त्यामुळे सुप्याच्या टॉवरवरून सकाळी निघून चौफुला, पाटस असे टप्पे घेत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत स्थिरावणारा नंबर कामगाराचा आणि तो कोणत्या पाळीत आहे, हेही उघड होते. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाची वाट धरणाऱ्या धनगरांचे वाडे, गाळप हंगामाच्या तोंडावर बीड जिल्ह्यातून सोमेश्वर, माळेगाव किंवा भवानीनगरच्या कारखान्यांवर उतरणाऱ्या कोयत्याच्या टोळ्या, आणि आषाढात उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत सरकणारी तुकोबांची पालखी यांचा प्रवास कोणी न विचारता टॉवरांवर उमटत जातो. रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा मारला की वर्षाचा, पॅक संपल्यावर त्याच दिवशी मारला की उसाचे बिल जमा होईपर्यंत फोन नुसत्या इनकमिंगवर ठेवला, यावरून घरातल्या पैशाची ओढाताण वाचता येते. हा तर्क हवेतला नाही. रवांडा या आफ्रिकी देशातील मोबाइल नोंदींवरून ग्राहकांच्या सांपत्तिक स्थितीचा अंदाज बांधता येतो, असे दाखवणारा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात 2015 मध्ये प्रसिद्ध झाला; तर सुमारे पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासणाऱ्या 2013 मधील एका अभ्यासात नावे वगळलेल्या यादीतही स्थळ-काळाचे चार बिंदू ठाऊक असतील तर पंचाण्णव टक्के माणसे वेगळी ओळखता येतात, असे आढळले. नाव काढून टाकले म्हणजे माणूस लपला, या समजुतीला त्यामुळे फारसा आधार उरत नाही.

याच नोंदींच्या मर्यादा मात्र कंपन्यांच्या जाहिरात विभागाला आणि तपासयंत्रणांना वाटतात त्यापेक्षा मोठ्या आहेत, आणि त्या ग्रामीण भागातच अधिक ठळकपणे दिसतात. दाट वस्तीच्या शहरात एका टॉवरचा पल्ला काहीशे मीटरचा, तर सुप्याच्या जिरायती माळावर तो काही किलोमीटरचा असू शकतो. म्हणून ‘लोकेशन सुपे’ एवढ्या नोंदीवरून माणूस बाजारपेठेत होता, वस्तीवर होता की मयूरेश्वर अभयारण्याच्या कडेने मोटारसायकलवरून जात होता, हे सांगता येत नाही. दुसरी मर्यादा याहून नाजूक आहे: सिम ज्याच्या नावावर, त्याच्याच हातात फोन असतो असे नाही. सासऱ्याच्या आधारकार्डावर घेतलेले सिम सून वापरते, मुलाच्या नावचे सिम आईच्या कनवटीला असते, आणि विहिरीवरच्या मोटारीच्या ऑटो स्टार्टरमध्येही शेतकऱ्याच्याच नावाचे एखादे सिम बसवलेले असते. असा स्टार्टरचा नंबर वर्षानुवर्षे एकाच टॉवरवर असतो, स्वतः कधी कोणाला गप्पांसाठी फोन करीत नाही, आणि रात्रपाळीची वीज आली की मध्यरात्री त्यावर काही सेकंदांचा कॉल येतो. माणसाच्या वागणुकीचे ठोकताळे लावणाऱ्या संगणकाने या ‘ग्राहका’ला घरकोंबडा आणि निद्रानाशाचा रोगी ठरवले, तर तो संगणकाचा दोष म्हणता येणार नाही. मोटार केव्हा चालते आणि पाणी कोणत्या महिन्यात आटते हे मात्र त्या नोंदीतून बरोबर कळते, आणि कर्ज, विमा किंवा खते विकणाऱ्याला ते कळणे मोलाचे असते.

एकाने नोंद ठेवावी, दुसऱ्याचे आयुष्य त्या नोंदीवर ठरावे आणि त्या दुसऱ्याला ती वाचता येऊ नये, हा प्रकार सुप्याला नवा नाही. 12 मे 1875 रोजी, बाजारच्या दिवशी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील याच गावात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावाचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हे, तर कागदांवर होता. रोखे, हुकूमनामे आणि वह्या ताब्यात घेऊन नष्ट करणे हा त्याचा उद्देश होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेला कापसाचा भाव नंतर कोसळणे आणि शेतसाऱ्यात झालेली वाढ ही त्यामागची कारणे सर्वपरिचित आहेत. कमी परिचित कारण 1859 च्या मुदतीच्या कायद्याचे आहे. कर्जवसुलीची मुदत तीन वर्षांवर आणणारा हा कायदा कुळाच्या रक्षणासाठी होता, पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि निरक्षर कूळ अंगठा उठवीत राहिले. सिम घेताना किंवा कंपनीचे ॲप उघडताना न वाचता दाबल्या जाणाऱ्या ‘मान्य आहे’ या बटणाचा विचार करताना हा अंगठा आठवल्यावाचून राहत नाही.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालानंतर 1879 मध्ये आलेल्या दख्खन शेतकरी मदत कायद्याचा उल्लेख सहसा जमीन व तुरुंगवास यांच्या संदर्भात होतो. त्यातला हिशेबाचा भाग मात्र या परिषदेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्या कायद्याने ऋणको शेतकऱ्याला भरण्याची लेखी पावती, वर्षाच्या हिशेबाचे विवरण आणि मागणी केल्यास पासबुक मिळण्याचा हक्क दिला. वही सावकाराचीच राहिली, पण तिचा उतारा कुळाच्या हाती येण्याची सोय झाली.

मोबाइलच्या वहीबाबत भारतात आजवर उलटा क्रम दिसतो. परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांना हे तपशील पूर्वी किमान एक वर्ष जपावे लागत, डिसेंबर 2021 पासून ती मुदत दोन वर्षे झाली. त्या तपशिलांपर्यंत पोलिसांना पोहोचता येते, आणि 2018 च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी सीडीआर बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना अटक केली तेव्हा पैसे मोजणाऱ्यालाही ते मिळत असल्याचा संशय उघडपणे पुढे आला. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्याच्या जुलै 2020 मधील निकालात, तपासात जप्त झालेले सीडीआर कंपन्यांनी वेगळे व सुरक्षित ठेवावेत, असे निर्देश आहेत. ते न्यायदानासाठी आवश्यकच होते, पण त्यांतही विचार पुराव्याचा आहे, ग्राहकाच्या वाचनहक्काचा नाही. संभाषण ऐकण्यासाठी गृहसचिवांच्या पातळीवरचा आदेश लागतो आणि कोणाशी, कुठून, किती वेळा बोलणे झाले हे पाहण्याची वाट त्या मानाने सोपी आहे, ही उतरंडही पुन्हा तपासण्याजोगी आहे. एखाद्याचे दहा फोन ऐकून जे कळणार नाही ते दोन वर्षांच्या टॉवरनोंदींतून कळते. जर्मनीतील माल्टे श्पिट्झ या राजकीय कार्यकर्त्याने आपल्या सहा महिन्यांच्या नोंदी कंपनीकडून कायदेशीर झगडा करून मिळवल्या आणि 2011 मध्ये त्या नकाशावर प्रसिद्ध झाल्या, तेव्हा तेथील सामान्य ग्राहकाला आपल्याविषयी काय साठते याची कल्पना आली.

पुट्टस्वामी खटल्यात 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, आपली कोणती माहिती वापरली जाते व ती कोणाला दिली गेली याचा गोषवारा मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला. हा हक्क संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे, गुन्ह्यांच्या तपासासाठी यंत्रणांना दिलेली माहिती त्यातून वगळली आहे, आणि परवान्याच्या सक्तीने साठवलेल्या टॉवरनोंदी त्यात येतात की नाही यावर वाद होणार हे उघड आहे. तो वाद ग्राहकांनी उकरून काढावा, कंपन्यांनी मिटवून टाकण्याची वाट पाहू नये.

कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय कायद्याने दिलेला असल्यामुळे ती मराठीत मिळू शकते. परिषदेला जमलेल्या कार्यकर्त्यांनी मधल्या काळात दोन कामे हाती घ्यावीत: आपल्या गावातील प्रत्येक घराला, कोणाच्या नावावर किती सिम आहेत हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पाहून द्यावे, आणि गोषवारा मागण्याच्या अर्जाचा मराठी नमुना तयार करून, बंधने लागू होताच, तो नावानिशी आणि तारखेनिशी कंपन्यांकडे दाखल करावा. नकार आला तर तो लेखी घ्यावा.