पदकांची शर्यत आणि आपण प्रेक्षक



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आपण ऐकावे, हा शिरस्ता आहे. मी विद्वान नव्हे आणि चित्रपटाच्या धंद्यातलाही नव्हे. गडावरून कोल्हापुरास उतरावे, पदरचे पैसे मोडून तिकीट काढावे आणि परतताना एस.टी.त शेजारच्याशी हुज्जत घालावी, एवढीच माझी पात्रता. मोठ्या पारितोषिकांसाठी जे चित्रपट स्पर्धेत उतरले, त्यांच्याबद्दल माझी काही मते आहेत आणि ती निकालाशी नेहमी जुळतातच असे नाही. चालकांना हे मी आधीच सांगितले होते. तरीही त्यांनी मला उभे केले आहे, तेव्हा पुढची जबाबदारी त्यांची!

आरंभ १९५४ पासून करतो. त्या वर्षी सरकारने चित्रपटांना पारितोषिके देण्यास सुरुवात केली आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला. मराठी माणसाची छाती फुगावी असाच तो प्रसंग. पण त्या स्पर्धेत दुसऱ्या स्थानी कोण होते, हे आपण सहसा सांगत नाही. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ होता. त्याला गुणवत्तेचे प्रमाणपत्र देऊन बोळवण करण्यात आली. त्याच १९५४ साली फिल्मफेअरच्या पहिल्या पारितोषिकांत तो सर्वोत्कृष्ट ठरला आणि फ्रान्समधल्या कान महोत्सवातही त्याचा गौरव झाला. म्हणजे तीन ठिकाणच्या परीक्षकांपैकी दोघांनी त्याला उचलून धरले आणि एकाने श्यामच्या आईला.

माझे मत विचाराल, तर तो एक निकाल चुकला.

आता काही जणांच्या कपाळाला आठ्या पडलेल्या मला इथून दिसताहेत. साने गुरुजींच्या पुस्तकावर वाढलेल्या माणसाने असे बोलावे? बंधूंनो, मीही तो चित्रपट पाहताना रडलो आहे, आणि एकदा नव्हे. वनमालाबाईंची आई विसरता येत नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती मारून विहिरीवर पाठवते आणि मग स्वतःच कासावीस होते, तो प्रसंग जगातल्या कोणत्याही चित्रपटाशेजारी ठेवावा. परंतु रडून झाल्यावर मी स्वतःला विचारले, की हे अश्रू कोणाचे? चित्रपटाने काढलेले, की मी घरून बरोबर नेलेले? आई पडद्यावर येते तेव्हा आपण प्रत्येक जण आपापली आई घेऊन तिच्यासमोर बसलेले असतो. दिग्दर्शकाचे निम्मे काम तिथेच होऊन जाते.

शंभू महातो आपला कोणी नव्हे. त्याची भाषा वेगळी, मुलूख वेगळा. आपले कर्ज पासष्ट रुपयांचे, असे तो समजून चालतो. जमीनदाराच्या वहीत ते दोनशे पस्तीस निघते. ते फेडायला कलकत्त्याला जाऊन तो हातरिक्षा ओढतो. बलराज साहनींचे ते धापा टाकत धावणे पाहताना मला रडू आले नाही. मी मनातल्या मनात त्याचे पैसे मोजत होतो, किती जमले, किती उरले. परक्या माणसाचा हिशेब आपला वाटायला लावणे, हे माझ्या मते अधिक अवघड काम आहे. शेवटी आपल्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कारखान्यापाशी तो मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी तीही टाकायला लावतो. कर्जात घर जाणे ‘श्यामची आई’तही आहे, पण तिथे ते आईच्या दुःखात विरघळून जाते. ‘दो बिघा जमीन’मध्ये ते वहीतल्या आकड्यासारखे टोचत राहते. त्यात दोष नाहीत असे नाही. उत्तरार्धात अपघातांची इतकी रास पडते, की विधात्याला दुसरा उद्योग नव्हता की काय, असे वाटू लागते.

आणि खरी बोच पुढेच आहे. सावकाराने नाडलेला शेतकरी जमीन गमावून शहरात मजूर होतो, ही गोष्ट चित्रपटाने सांगण्याचा मान कोणाचा? आपल्या कोल्हापूरचा! बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला तो १९२५ साली, मूकपटाच्या काळात, आणि त्यात तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. या सभेत तो मूकपट पाहिलेले कोणी असेल असे वाटत नाही. पण जी वाट आपल्या माणसाने अठ्ठावीस वर्षे आधी पाडली, तिच्यावरून एक बंगाली दिग्दर्शक चालत कानपर्यंत गेला आणि आपण मात्र आपले पदक छातीशी धरून बसलो.

त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान पुन्हा मराठीकडे यायला २००४ साल उजाडले. ‘श्वास’. कोकणातले आजोबा नातवाला पुण्याच्या डॉक्टरकडे आणतात. डोळ्यांत कर्करोग, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा पोराला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात, जग एकदा डोळे भरून दाखवायला. संदीप सावंत यांच्या त्या चित्रपटातला हा भाग मी निर्दोष मानतो. अरुण नलावडे तिथे जवळजवळ काही करत नाहीत, नुसते पोराकडे पाहतात. रुग्णालयातली चर्चा मात्र जागोजागी लांबली आहे; जे चेहरे सांगून गेले, तेच संवाद पुन्हा सांगतात.

भारतातर्फे तो ऑस्करसाठी गेला. तिकडचा तेव्हाचा नियम असा होता, की परभाषेतल्या चित्रपटांच्या गटात प्रत्येक देशाने एकच चित्रपट धाडायचा. प्रचाराला पैसा नव्हता. सामान्य माणसांनी वर्गण्या काढल्या. शेवटच्या पाचांत स्पेन, स्वीडन, फ्रान्स, जर्मनी आणि दक्षिण आफ्रिका आले, आपण नाही. त्या वेळी पुष्कळांनी अन्याय झाला म्हणून ओरड केली. मी नंतर जिंकलेला स्पेनचा चित्रपट मिळवून पाहिला. ‘द सी इनसाइड’. तोही अंथरुणावरच्या रुग्णाचा. मानेखाली लुळा पडलेला माणूस मरणाचा हक्क मागतो. त्यात त्याला विरोध करणारा भाऊ आहे आणि दिग्दर्शक त्या भावालाही खोटे पाडत नाही. हे पाहिल्यावर माझी ओरड थांबली. ‘श्वास’ मला आजही जवळचा आहे, पण त्या वर्षीचा निकाल मला मान्य आहे.

बाकी ऑस्कर कोल्हापुरास अगदीच परके नाही. भानू अथैया, मूळच्या राजोपाध्ये, कोल्हापुरात जन्मलेल्या. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना १९८३ साली ते पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यासाठी कोणा देशाला अर्ज करावा लागला नाही, की वर्गणी काढावी लागली नाही.

‘श्वास’नंतर राष्ट्रीय मान ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांना मिळाला. ‘देऊळ’ला तो वाटून मिळाला, त्याचा पूर्वार्ध खुसखुशीत, उत्तरार्ध जरा उपदेशी. ‘कासव’विषयी आज बोलत नाही, कारण तो मी एकदाच आणि झोपेला आलेला असताना पाहिला. ‘कोर्ट’ मात्र मी या सर्वांच्या वर ठेवतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाने २०१४ साली व्हेनिसला पारितोषिके मिळवली, पुढच्या वर्षी तो ऑस्करलाही गेला आणि तिथे शेवटच्या पाचांत आला नाही. एका लोकशाहिरावर खटला भरतात, की त्याच्या गाण्याने एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. अशा कथेत सरकारी वकील म्हणजे खलनायिका, हा आपला ठराव. इथे ती बाई कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, कुटुंबाबरोबर नाटकाला जाते. ती अगदी तुमच्या-आमच्या शेजारची आहे, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. इथे घरून नेलेले अश्रू चालत नाहीत.

मी ‘कोर्ट’ पाहिला तेव्हा थिएटरात माझ्यासह अकरा माणसे होती. दोघे मध्यंतरात उठून गेले. परत येताना एस.टी.त शेजारच्या गृहस्थांना विचारले, ‘पाहिलात का?’ ते म्हणाले, ‘बक्षीस मिळालंय ना? मग तो आपल्यासाठी नसणार.’ शिवाजी पुलापासून बुधवार पेठेपर्यंत मी त्यांच्याशी वाद घातला. ते पन्हाळ्याचेच आहेत, आणि आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. प्रश्नोत्तरांची वेळ झाली आहे. पहिला प्रश्न त्यांनी विचारावा.