पहाटे चारचे अंतर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

क्रांती चौकातून पूर्वेकडे निघाले की जालना रस्ता मोंढा नाका, सेव्हन हिल्स, मुकुंदवाडी करत थेट चिकलठाणा विमानतळापर्यंत नेतो. रिक्षाने अर्धा तास. त्यामुळे माझ्या मुलीला विमानात केबिन क्रूची नोकरी लागली तेव्हा तिची आजी म्हणाली, "मग घरूनच जा-ये करील की!"

तसे होत नाही. विमान कर्मचाऱ्यांची ड्यूटी जिथे सुरू होते आणि संपते, त्या शहराला 'बेस' म्हणतात. मुलीचा बेस मुंबई. आपल्या विमानतळावर विमान येते, प्रवासी घेते आणि परत जाते. कर्मचारीही त्याच विमानाने परत जातात.

मग राहायचे कुठे? मी हट्टाने सांगितले, डोंबिवलीला मावशीकडे. घरचे जेवण, भाडे नाही, आणि आमच्या जिवाला घोर नाही. मुलगी काही बोलली नाही.

पहाटे साडेपाचचे विमान म्हणजे किमान तासभर आधी हजेरी. मुंबईची लोकल रात्री एकच्या सुमारास बंद होते, ती पहाटे चारच्या सुमारास सुरू होते. मेट्रोही त्या वेळी नसते. कंपनीची गाडी घरी न्यायला येते, पण ठरलेल्या हद्दीपर्यंतच. डोंबिवली त्या हद्दीबाहेर. म्हणजे आम्ही जिला सुरक्षित ठेवली असे समजत होतो, ती रात्री अडीचला भाड्याच्या टॅक्सीत एकटी पस्तीस-चाळीस किलोमीटर जात होती. एका पहाटे टॅक्सी वाटेत बंद पडली. ती उशिरा पोहोचली, तिच्या जागी दुसरी मुलगी गेली आणि तिला लेखी खुलासा द्यावा लागला. तेव्हा ती फोनवर एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही नकाशावरचे अंतर बघितलेत, घड्याळातले नाही."

मग मरोळ, अंधेरी पूर्व, विलेपार्ले, कलिना असे आम्ही दोघे हिंडलो. एका सोसायटीत सचिवांनी विचारले, "मुलगी रात्री दोनला बाहेर जाणार? मग नाही जमणार." रात्रपाळीच्या डॉक्टरला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. विमानातल्या मुली फक्त चहा देण्यासाठी नसतात. प्रसंग आला तर दीड मिनिटात विमान रिकामे करण्याचे शिक्षण त्यांना दिलेले असते. त्यासाठी डोके ताजे लागते, आणि ताज्या डोक्यासाठी झोप.

अखेर मरोळला तिघींनी मिळून घर घेतले. भाडे बोचते, पण गाडी दारात येते.

ज्यांची मुले या नोकरीत जाणार आहेत, त्यांना चार गोष्टी सांगतो. घर बघायला दुपारी जा, पण पहाटे चारला तिथून विमानतळावर कसे जायचे, हे आधी विचारा. कंपनीची गाडी कुठपर्यंत येते ते अनामत रक्कम देण्यापूर्वी कळून घ्या. ही माणसे दिवसा झोपतात, म्हणून शेजारी शाळेचे मैदान किंवा मंगल कार्यालय नको. कुर्ला-घाटकोपरवरून बहुतेक विमाने उतरतात. तिथे विमानतळ जवळ असतो, पण झोप दूर जाते. आणि रात्री येण्याजाण्याबद्दल सोसायटीशी आधीच स्पष्ट बोला. वॉचमनलाही सांगून ठेवा.

आता त्यात नवी भर पडली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही प्रवासी विमाने उडू लागली. उलवे-पनवेलचे घर त्या विमानतळाला जवळ, पण अंधेरीच्या विमानतळाला लांब. कोणत्या विमानतळावरून ड्यूटी लागणार हे नक्की कळेपर्यंत घर विकत घेण्याची घाई करू नका. अकरा महिन्यांचा भाडेकरार पुरे.

परवा मुलगी चिकलठाण्याच्या विमानावर ड्यूटीला आली होती. विमानतळ घरापासून अर्ध्या तासावर, पण विमान थांबले जेमतेम तेवढाच वेळ. तिने उतरल्यावर फोन केला आणि लगेच निघाली. आजी म्हणाली, "इतक्या जवळ येऊन घरी नाही आली?" मी म्हटले, "आई, तिचे घर आता मरोळला आहे. तिथे ती आज नीट झोपेल."