जुनं दुखणं आणि विम्याचा कागद
(पलूस येथील बैठकीतील भाषण)



पलूसला कृष्णेचं पाणी आहे, ऊस आहे, द्राक्षं आहेत. पण आज इथे बसलेले आपण बहुतेक कोरडवाहू. ज्वारी-कपाशीवर वर्ष काढणारे. आपल्या घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की आधी बैलजोडी विकली जाते, मग जमीन गहाण पडते. म्हणून आज विम्याचं बोलू.

पीक वाळल्यावर पीकविमा उतरवायला गेलो तर कोण घेईल? माणसाच्या बाबतीत कंपनी हेच म्हणते. साखर, रक्तदाब आधीचा आहे? मग थांबा! पूर्वी कंपन्यांना पासष्टीपर्यंतच नवा विमा देण्याचं बंधन होतं; सगळ्या वयाच्या माणसांसाठी विमा ठेवावा, असा नियम एप्रिल 2024 मध्ये आला. जुन्या दुखण्यासाठी थांबायची मुदतही जास्तीत जास्त 4 वर्षांवरून 3 वर्षांवर आली. पण विमा द्यायचा की नाही आणि हप्ता किती, हे कंपनीच्याच हाती राहिलं. एजंट म्हणेल, ‘साखर लिहू नका.’ ऐकू नका. लपवलेलं दुखणं नेमकं पैसे मागायच्या वेळी बाहेर येतं.

मग उपाय काय? वर्ध्याकडे, आपल्यासारख्याच ज्वारी-कपाशीच्या मुलखात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने ज्वारीवर विमा चालवला. सुगीला घरटी ज्वारी द्यायची; जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. गावातली बहुतेक घरं आली तरच गाव योजनेत. का? नुसते आजारीच आले तर कणगी लगेच रिकामी होते. धडधाकट आणि दुखणाईत दोघं आले तरच ती सगळ्यांना पुरते.

सरकारी योजना म्हणजे हीच कणगी. ती आपल्याच करातून भरते. तेव्हा कार्ड काढणं ही भीक नव्हे. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, गरीब असो की बागायतदार, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळतं. घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार. जुनं दुखणं पहिल्या दिवसापासून चालतं. वय आधार कार्डावरचं धरतात. ते चुकलं असेल तर आजच दुरुस्त करा. सत्तरीच्या आतल्यांसाठी रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे.

दोन गोष्टी गाठीला बांधा. दवाखाना योजनेत आहे का, हे भरती होण्याआधी विचारा; आरोग्यमित्राला गाठा. अडवणूक झाली तर 14555 वर तक्रार करा. दुसरं, हे कार्ड भरती होण्यासाठी आहे. रोजच्या गोळ्या त्यावर मिळत नाहीत. साखरेचा, रक्तदाबाचा खरा खर्च तर तोच! त्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मिळाल्या पाहिजेत, ही आपली मागणी आहे.

गावी गेल्यावर आधी आपल्या आळीत फिरा. सत्तरी ओलांडलेली किती माणसं आहेत, कार्ड किती जणांकडे आहे, याची यादी करा. पुढच्या बैठकीला ती यादी घेऊन या. बैल दावणीलाच राहिला पाहिजे आणि म्हातारीला उपचारही मिळाला पाहिजे.