दुधाचा पुष्टकाळ आणि दर

गाय काही बाजारभाव पाहून दूध देत नाही. हिवाळ्यात हिरवा चारा मुबलक, दूध वाढतं, हा पुष्टकाळ. उन्हाळा म्हणजे कृशकाळ, आणि ताक, लस्सी, आइस्क्रीमची मागणी नेमकी तेव्हाच! पुष्टकाळात उरलेल्या दुधाची पावडर आणि लोणी होतं. पावडरीचा भाव पडला, की गावातल्या संकलन केंद्रावरचा दरही उतरतो. असेच दर कोसळले, तेव्हा राज्य सरकारनं २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, पुढे ७ केलं. गाईच्या दुधाचा दर मोजतात ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन घटकांवर; पेंडीचा भाव त्यात कुठेच नाही. भाकड गायही रोज खातेच. त्यामुळे दर पडला, की विकतच्या चाऱ्यावरचा गोठा आधी अडचणीत येतो. घरची वैरण असणारा थोडा तग धरतो.